मी ऐकलेले अमेरिकन गायक
(मंडळाच्या पाक्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या पाक्षिक सभेत आजवर मसाल्यांवर, मुलांच्या अभ्यासावर, गुडघेदुखीवर आणि पाण्याच्या टँकरवर पुष्कळ बोलणे झाले. या खेपेला कार्यवाहबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी भीत भीत म्हटले, "जुने अमेरिकन गायक." त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हांला इंग्रजी येते?" मी म्हटले, "नाही." "मग हो?" "मग काय, कान आहेत की!"

ही बातमी आपल्या जिन्यातून पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी एक भगिनी मला हसत हसत म्हणाल्या, "सातवी पास बाईने इंग्रजी गाण्यांवर मत द्यायचे म्हणजे जरा अतीच नाही का?" त्यांचे बोलणे मला लागले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. रात्री पोळ्या लाटताना तेच डोक्यात घोळत होते. मग वाटले, भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला कुठे शाळेचा दाखला लागतो? गाण्याचेही तसेच असावे. माझी मते चुकीची असतील, पण ती उसनी आणलेली नाहीत, एवढेच माझे म्हणणे.

आधी हे खूळ माझ्या डोक्यात शिरले कसे ते सांगते. माझे माहेर राजापूर तालुक्यातले. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे, म्हणून माझे शिक्षण नदीच्या अलीकडेच थांबले. लग्न होऊन २००३ साली एव्हरशाईन सिटीत आले. आमच्या शेजारच्या दारात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना सगळी इमारत 'टीचर' म्हणते. त्या मूळच्या निर्मळकडच्या, वसईच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. यजमान बोटीवर नोकरीला होते. बंदराबंदरांतून त्यांनी शंभर-सव्वाशे तबकड्या जमवल्या आणि त्या वाजवण्याचे यंत्रही आणले. यजमान गेले, मुलगा कॅनडात गेला, तबकड्या तेवढ्या राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी टीचरांची नजर फार मंदावली. तबकडीवर सुई नेमकी ठेवता येईना. एके दिवशी मी पोळ्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाय, एवढी सुई ठेवून दे गं." ती सुई ठेवली आणि तेव्हापासून रोज दुपारी तीन ते साडेचार माझी शाळा पुन्हा सुरू झाली. मी सुई ठेवते, टीचर गाण्याचा अर्थ आणि गाणाऱ्याचा इतिहास सांगतात. मात्र आमचा एक नियम आहे. पहिल्यांदा मी अर्थ न विचारता ऐकते आणि गाणाऱ्या माणसाविषयी मला काय वाटले ते सांगते. अर्थ मागाहून.

पहिली तबकडी बिंग क्रॉस्बी यांची लागली. मी म्हटले, "हा माणूस बाळाला थोपटतो आहे." टीचर हसल्या आणि त्यांनी मला एक मोठी गोष्ट समजावून सांगितली. पूर्वी गाणे मुद्रित करायला एक मोठा कर्णा असे. गाणारीला त्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे असेच मुद्रित झाले. गाणे संपले की त्या आपले नाव मोठ्याने उच्चारीत; तबकडीवर कोणाचे नाव छापायचे ते कारखान्यातल्या लोकांना कळावे म्हणून, असे सांगतात. १९२५ साली विजेवरची मुद्रणपद्धत आली आणि कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. आता ओरडण्याची गरज राहिली नाही. गच्चीवरून मुलाला हाक मारणे वेगळे आणि त्याला कुशीत घेऊन बोलणे वेगळे. हा फरक ज्यांनी आधी ओळखला त्यांत क्रॉस्बी होते.

त्यांनी १९४२ साली गायलेल्या नाताळच्या एका गाण्याच्या तबकड्या इतक्या निघाल्या, की मूळ साचाच झिजून गेला आणि १९४७ साली तेच गाणे त्यांना पुन्हा गावे लागले. माझे मत विचाराल, तर क्रॉस्बी म्हणजे मऊ वरणभात. आजारपणात त्याच्यासारखे दुसरे काही नाही, पण चार दिवस सलग खाल्ला की लोणच्याची आठवण होते.

जिम रीव्ज हे टीचरांच्या यजमानांचे आवडते. टीचर सांगतात, त्यांच्या गावात नाताळ आला की दोन-चार घरांतून हेच ऐकू यायचे. १९५९ सालचे त्यांचे एक गाणे म्हणजे प्रियेशी टेलिफोनवर केलेले बोलणे आहे. खरेच, कोणी आपल्या कानाशी फोन धरून हळू बोलावे तसा तो आवाज. हा गृहस्थ १९६४ साली विमान अपघातात गेला, वय अवघे चाळीस. मला त्यांचे गाणे सभ्य माणसासारखे वाटते. चप्पल दाराबाहेर काढून, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेणाऱ्या पाहुण्यासारखे. यात थोर काही नसेलही, पण असे पाहुणे मला आवडतात.

फ्रँक सिनात्रा यांच्याबद्दल आमचे थोडे वाजते. टीचर त्यांच्या भक्त. सिनात्रा १९४० ते १९४२ या काळात टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदात गात. डॉर्सी ट्रॉम्बोन नावाचे लांब पितळी वाद्य वाजवीत. ते लांबच लांब ओळ न तोडता कशी वाजवतात, श्वास चोरून कुठे घेतात, हे सिनात्रांनी मागे बसून न्याहाळले आणि तो दम यावा म्हणून पाण्याखाली पोहण्याची सवय केली. मी मुद्दाम कान देऊन ऐकले, श्वास सापडत नाही खरा. एका दमात तेवढे म्हणून पाहिले, तर कणीक मळता मळता मलाच धाप लागली! पण माझे मत असे, की आनंदाच्या गाण्यात हा माणूस फार तोऱ्यात असतो. बोलता बोलता आरशात बघणाऱ्या नवरदेवासारखा. १९५५ साली त्यांनी रात्रीच्या एकटेपणाची गाणी एका तबकडीत गायली, तिथे तो तोरा गळून पडतो. ती तबकडी मी स्वतः मागून लावते.

आता बायकांकडे वळते, कारण माझा जीव तिथे अधिक रमतो.

एला फिट्झजेराल्ड यांची आई लहानपणीच गेली. १९३४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात हौशी कलावंतांच्या स्पर्धेत गेल्या त्या नाचायला. आधीच्या मुलींचा नाच पाहून त्यांचे पायच उचलेनात, म्हणून त्या गायल्या, आणि पहिल्या आल्या. पुढे १९६० साली बर्लिनमध्ये भर कार्यक्रमात त्या गाण्याचे शब्द विसरल्या. आपण असतो तर पदर तोंडाला लावून आत पळालो असतो. त्या थांबल्या नाहीत. ताल न सोडता मनचे शब्द जोडीत गेल्या, आपण विसरलो आहोत हेही गाण्यातच सांगून टाकले. त्याच तबकडीला पुढे मोठे पारितोषिक मिळाले. ऐनवेळी चार पाने वाढली आणि आमटी पुरली नाही, तर आपण नाही का काहीतरी करून पंगत निभावतो? तशातली ही बाई. शब्द नसलेले बोल त्या असे काही फेकतात, की मला आपला तराणा आठवला. आवाज अगदी स्वच्छ घासलेल्या पितळेसारखा. माझी एकच तक्रार. त्यांच्या गळ्यात दुःख टिकत नाही, दुःखाच्या गाण्यातही उजेडच असतो. टीचर म्हणतात, हा दोष नव्हे. मी अजून विचार करते आहे.

बिली हॉलिडे यांच्या गळ्यात मात्र दुःख मुक्कामालाच आहे. आवाज मोठा नाही, गळा वरखाली फार फिरत नाही. पण त्या शब्द जरा उशिरा टाकतात, जणू सांगावे की न सांगावे असा विचार करताहेत. १९३९ साली त्यांनी एक गाणे मुद्रित केले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांचे जमाव काळ्या माणसांना मारून झाडाला लटकवीत, त्यावरचे ते गाणे. त्यांच्या नेहमीच्या कंपनीने नकार दिला, म्हणून दुसऱ्या एका लहान कंपनीकडे ते झाले. मी अर्थ न समजता ऐकले आणि म्हटले, "टीचर, हिने काहीतरी भयंकर पाहिले आहे." टीचरांनी अर्थ सांगितला. त्या दिवशी आम्ही दुसरी तबकडी लावली नाही. चहाही तसाच राहिला.

याच बाईंच्या शेवटल्या काळातल्या, १९५८ सालच्या तबकडीवरून आमचे भांडण झाले. तोवर हालअपेष्टा आणि व्यसने यांनी त्यांचा गळा पार खरवडला होता. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, त्या गेल्या. वय चव्वेचाळीस, आज माझे आहे तेवढेच. टीचर म्हणाल्या, "काढ ती. आजारी माणसाला लोकांसमोर बसवू नये. तिला तरुणपणच्या गाण्यांत आठवावे." मी म्हटले, "नाही टीचर, हीच मला खरी वाटते. गळा गेला, पण सांगायचे होते ते उरले आहे." त्यांना ते पटले नाही. मी एवढ्या हट्टाने का बोलले, ते पुढे सांगते.

माझ्या मते सर्वांत थोर कोण, असे विचाराल तर मी महेलिया जॅक्सन यांचे नाव घेईन. जन्म १९११, गाव न्यू ऑर्लिन्स. सोळाव्या वर्षी शिकागोला आल्या, लोकांच्या घरी कपडे धुण्याची, घरकामाची कामे केली. गाणे फक्त देवाचे. दुसरी गाणी गा, पैसा मिळेल, असे लोकांनी कितीदा सांगितले, पण त्यांनी ऐकले नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी अडीच लाख माणसे जमली होती, तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रसिद्ध भाषणाच्या आधी त्या गायल्या. १९७१ साली त्या भारतातही येऊन गेल्या. हे मला काहीच ठाऊक नव्हते. मी नुसती सुई ठेवली, आणि दोन मिनिटांत माझे हात आपोआप जोडले गेले. टीचरांनी विचारले, "काय गं, कळले का काही?" मी म्हटले, "देवाचे आहे. आमच्या गावच्या भजनात बुवा असे उठून उभे राहतात." टीचरांनी मान डोलावली. त्यांचा देव आणि माझा देव त्या दुपारी एकाच सोफ्यावर बसला होता, असे मला वाटले.

आता नॅट किंग कोल. आवाज मखमली, उच्चार इतका स्वच्छ की मला न येणाऱ्या भाषेतले शब्दसुद्धा मोजता येतात. १९४८ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या गोऱ्या वस्तीत घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी हरकत घेतली. एवढा मोठा गायक, पण कातडी काळी. खोली शोधताना "तुम्ही कोण?" हा प्रश्न आपल्यापैकी ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यावर अधिक सांगायला नको. ते १९६५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. मुलगी नॅटली तेव्हा पंधरा वर्षांची. तीही पुढे गायिका झाली. १९९१ साली तिने वडिलांनी १९५१ साली गायलेले गाणे घेतले, जुन्या मुद्रणातला वडिलांचा आवाज आणि आपला आवाज एकत्र जोडला. वडील एक ओळ म्हणतात, मुलगी पुढची. वडिलांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती!

टीचरांकडे ही तबकडी नाही, ती मी मोबाइलवर ऐकली, आणि मला रडू आवरेना. का, ते सांगते.

माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. किती, याला गणती नाही. सासरच्या, माहेरच्या, पंढरीच्या, भावाबहिणीच्या. २०१९ साली ती आजारी पडली. मला मोबाइलवर आवाजाचा निरोप पाठवायला ती भाच्याकडून शिकली होती. एक निरोप आला, "आमसुले पोचली का गो? उन्हात घाल परत." आवाज घोगरा, मध्ये खोकला. मला ते ऐकवेना. मनात म्हटले, बरी होऊ दे, गळा सुटू दे, मग गावी जाऊन एकेक ओवी नीट भरून घेईन. आई बरी झाली नाही. पुढे माझा मोबाइल बिघडला, नवा घेतला, त्यात जुने निरोप आले नाहीत. आज माझ्यापाशी आईची ओवी नाही आणि तो आमसुलांचा निरोपही नाही. ओव्यांतल्या पाच-सहा मला येतात, पण त्या माझ्या आवाजात.

टीचरांना मी हे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती १९५८ ची तबकडी लाव." आम्ही दोघींनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

एक शेवटची हकीकत सांगते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. पृथ्वीवर कोण राहते, हे दूरच्या कोणाला कळावे म्हणून. त्यात आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. याने सुटली त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. त्याच तबकडीत एक आंधळा अमेरिकन गायक आहे, ब्लाइंड विली जॉन्सन. १९२७ साली त्याने ते मुद्रित केले आणि १९४५ साली तो दारिद्र्यात मेला. त्या गाण्यात शब्दच नाहीत. गिटारीबरोबर नुसते कण्हल्यासारखे गुणगुणणे आहे. केसरबाईंचा आवाज म्हणजे दगडी देऊळ, आणि याचा म्हणजे पडक्या घरातली चूल. दोघे एकाच तबकडीत बसून सूर्याचा प्रदेश ओलांडून पुढे गेले आहेत. तिथे ऐकणाऱ्याला मराठीही येणार नाही आणि इंग्रजीही. तेव्हा भाषा न कळता गाणे ऐकणारी मी काही एकटीच नव्हे!

भगिनींनो, ऐकण्याचे झाले, आता करण्याचे बोलते. आपल्या मंडळात साठीच्या पुढच्या बावीस भगिनी आहेत. कोणी कोकणच्या, कोणी घाटावरच्या, कोणी खानदेशच्या, कोणी इथल्या वसईच्याच. प्रत्येकीपाशी काहीतरी आहे. ओवी, पाळणा, भोंडल्याचे गाणे, लग्नातले गाणे. दर सभेत अर्धा तास एकीसाठी ठेवावा आणि ते मोबाइलवर भरून घ्यावे. पंखा बंद करावा, कुकर लावू नये, मोबाइल तोंडापासून दोन वितींवर ठेवावा. खोकला आला तर येऊ द्यावा, पुसू नये. ओळ विसरली तर एलाबाईंसारखे पुढे जावे. शेवटी गोहरजानसारखे आपले नाव आणि गाव मोठ्याने सांगावे. आणि जे भरले ते एकाच मोबाइलमध्ये न ठेवता निदान तीन ठिकाणी ठेवावे. ही शेवटची सूचना मी अनुभवाने करते आहे.

सुरुवात मी करून टाकली आहे. गेल्या महिन्यात टीचरांनी त्यांच्या सामवेदी बोलीतले हळदीचे एक गाणे माझ्या मोबाइलवर म्हटले. दोनदा अडखळल्या, एकदा आम्ही दोघी हसलो, ते हसूही त्यात आहे. त्यांच्या मुलाने ते कॅनडात ऐकले आणि रात्री दीड वाजता फोन केला. टीचर आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी इतिहासात काही चुकले असेन तर त्या मला घरी गेल्यावर सांगतीलच.

आणि जिन्यात भेटलेल्या त्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या सासूबाई अहिराणीतली गाणी सुरेख म्हणतात, हे मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकले आहे. तेव्हा पहिला मान त्यांचा. पुढच्या सभेला त्यांना धरून आणावे. मोबाइल मी आणीन, सुई ठेवायचा सराव मला आहे.